व्याही आले साडेतीनला

हिरामणराव पगाऱ्यांनी ओबासीची फाईल काढली तेव्हा शनिवारचे सव्वादोन वाजले होते आणि ओबासीची मांडी दुखावून अठरा तास उलटले होते. ओबासी राहतो इंग्लंडात, हिरामणराव नाशिकरोडला जेल रोडवर, दुसऱ्या मजल्यावर. दोघांची कधी गाठ पडलेली नाही आणि पडायची चिन्हंही नाहीत. तरी त्या मांडीपायी पगाऱ्यांच्या घरात कालपासून कोणाला जेवण गोड लागत नव्हतं.

याला कारण जावई. किशोर गांगुर्डे, राहणार ओझर, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, स्वभावाने गरीब. त्याने दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना मोबाईलवरच्या एका खेळाचा नाद लावला. खेळ असा, की इंग्लंडच्या फुटबॉलमधले खरेखुरे पंधरा गडी आपण नावापुरते आपल्या संघात घ्यायचे, त्यातले अकरा खेळवायचे आणि चार बाकावर ठेवायचे. ते तिकडे मैदानावर जो काय उजेड पाडतील त्याचे गुण इकडे आपल्याला. त्यातल्या एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. दर आठवड्याला एक गडी काढून दुसरा घेता येतो, कॅप्टनही बदलता येतो, पण ते सगळं शनिवारी दुपारी साडेचारच्या आत. साडेचार वाजले की खिडकी बंद. हिरामणरावांची एकतीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात भांडार विभागात गेली होती. खिडकी बंद झाली म्हणजे काय होतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आजवर ती बंद करणारे ते स्वतः होते.

नुसता खेळ असता तर कोणी मनावर घेतलं नसतं. पण नातवाचा, म्हणजे आयुषचा, पहिला वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता आणि तो कुठे करायचा यावरून दोन घरांत अत्यंत गोड शब्दांत लढाई चालू होती. "आमचं काही म्हणणं नाही, तुम्ही म्हणाल तसं," हे वाक्य दोन्ही बाजूंनी इतक्यांदा बोलून झालं होतं, की फोन वाजला की राखीला धडकी भरायची. राखी ही हिरामणरावांची मुलगी आणि गांगुर्ड्यांची सून, त्यामुळे दोन्हीकडचे वार तिच्याच अंगावरून जात. बारसं पगाऱ्यांकडे झालं, तेव्हा वाढदिवस आमच्याकडे, असं ओझरकरांचं म्हणणं. बाळंतपण उरकून पोर गेलं ते तिकडचंच झालं, तेव्हा एक दिवस तरी आमच्याकडे, असं सरिताबाईंचं. शेवटी किशोरने तोड काढली. या रविवारपर्यंत ज्या आजोबांचे गुण जास्त होतील, वाढदिवस त्यांच्या घरी.

आणि या घडीला हिरामणराव चार गुणांनी मागे होते.

"चार गुण म्हणजे किती हो?" सरिताबाईंनी सकाळीच विचारलं होतं.

"एका गोलाचे."

"मग सांगा की कोणाला तरी एक गोल करायला."

बायकोला भांडार विभागाची शिस्त आजवर कळली नव्हती, ती आता या वयात कळेल अशी हिरामणरावांना आशा नव्हती. कोणतीही खरेदी तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय आणि तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय करायची नाही, मग तो लोखंडी खिळा असो की इंग्लंडचा सेंटर फॉरवर्ड. त्यामुळे जखमी ओबासीच्या जागी कोण, या प्रश्नावर त्यांनी तीन उमेदवार मागवले होते: फेरेरा, हॉलिंग्टन आणि एक जपानी, ज्याचं नाव तक्त्याच्या रकान्यात मावत नव्हतं म्हणून नुसतं 'जपानी' लिहिलं होतं. पुढे रकाने होते किंमत, गोल, प्रकृती आणि वर्तणूक.

तक्ता अर्धा झाला असताना वरच्या मजल्यावरचा समाधान अहिरे खाली आला. समाधान दहावीचे क्लास घ्यायचा आणि शेजारधर्म म्हणून सल्ले फुकट द्यायचा.

"काका, फेरेरा घ्या. डोळे मिटून घ्या," तो म्हणाला.

"मागच्या महिन्यात प्रिचर्डही डोळे मिटूनच घ्यायला लावला होतास."

"तो लाँग टर्म आहे, काका."

हा प्रिचर्ड नावाचा बचावपटू घेतल्या दिवसापासून बाकावरून उठला नव्हता. फाईलमध्ये हिरामणरावांनी त्याच्या नावापुढे लाल शाईने 'डेड स्टॉक' असा शेरा मारला होता. समाधानला तो दाखवावा असं त्यांच्या मनात आलं, पण मुलगा परवाच गॅसचा सिलिंडर वर आणायला मदत करून गेला होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी तक्ता पूर्ण झाला. फेरेरा सर्वच बाबतीत सरस ठरला; वर्तणुकीत तर त्याला दहापैकी नऊ मिळाले. हिरामणरावांनी तक्त्याखाली सही केली, तारीख घातली, चष्मा पुसला आणि मोबाईल उघडला. मोबाईलने त्यांना ओळख विचारली. खेळात म्हणे काही सुधारणा झाली होती आणि त्यासाठी सर्वांनी पुन्हा नव्याने आत यायचं होतं. आत येण्यासाठी सहा आकडी कोड लागणार होता. आणि तो कोड जाणार होता नोंदवलेल्या मोबाईलवर, म्हणजे ज्याने खाती काढून दिली त्या किशोरच्या.

आपल्या तिजोरीची किल्ली शत्रूपक्षाच्या चिरंजीवांकडे आहे, हे हिरामणरावांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. त्यांनी किशोरला फोन लावला. पहिली पाळी, चारला सुटते, तोवर मोबाईल लॉकरमध्ये. त्यांनी अकरा वेळा लावला. मग हिशेब केला: चारला सुटेल, पाचेक मिनिटांत फोन हातात घेईल, चार-दहापर्यंत कोड येईल, वीस मिनिटं आपल्या हातात. भांडारात याहून कमी वेळात त्यांनी अख्खा ट्रक उतरवून घेतला होता. ते जरा सैल होऊन बसले आणि बरोबर साडेतीनला दाराची बेल वाजली.

दारात व्याही उभे होते. सहादू गांगुर्डे, ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, डोक्यावर हेल्मेट, हातात द्राक्षांची पेटी.

"जय भीम, व्याही," ते म्हणाले. "म्हटलं जरा येऊन जावं."

ओझरहून जेल रोड म्हणजे आडगाव, नांदूर नाका असं वीस-पंचवीस किलोमीटर, तेही स्कूटरवर, फेब्रुवारीतल्या उन्हात, न कळवता. एवढं कोणी जरा येऊन जाण्यासाठी करत नाही. मग कशासाठी करतो, हे हिरामणरावांना सोफ्यावर पाहुण्यांसाठी उशी ठेवता ठेवता स्पष्ट दिसलं. स्वतःची सगळी उलथापालथ सकाळीच उरकून हा माणूस आपल्याला साडेचारपर्यंत बसवून ठेवायला आला आहे. डाव बिनतोड होता. व्याही समोर बसले असताना मोबाईलमध्ये डोकं घालता येत नाही, घड्याळाकडे बघता येत नाही, आणि काय काम काढलंत हे तर विचारताच येत नाही. कारण तसं विचारणं म्हणजे कामाशिवाय तुम्ही यायचं नाही, असं सांगणं. लग्नात एका टोपीवरून जी कटुता आली होती ती निस्तरायला सहा महिने गेले होते.

तेव्हा दोघे समोरासमोर बसले आणि बोलू लागले.

आधी द्राक्षांवर बोलणं झालं. मग लासलगावच्या कांद्याच्या भावावर झालं, दोघांचाही कांद्याशी संबंध खाण्यापुरताच असताना. मग गांगुर्ड्यांनी स्कूटरचा आवाज लय येतो असं सांगितलं आणि हिरामणरावांनी कसा येतो ते विचारलं. गांगुर्ड्यांनी तो काढून दाखवला. सरिताबाईंनी पोहे आणले. "घ्या ना अजून," "नको, पुष्कळ झाले," "एवढ्याने काय होतंय," असं करत पोह्यांवर नऊ मिनिटं गेली. या सगळ्यात गांगुर्डे दर थोड्या वेळाने खिशातून मोबाईल अर्धा बाहेर काढत, हिरामणरावांकडे बघत आणि परत आत ठेवत.

मला खिजवतोय, हिरामणरावांनी मनात नोंद केली.

चार वाजून आठ मिनिटांनी टीपॉयवरचा त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी शक्य तितक्या सावकाशीने तो उचलला, चष्मा नीट केला आणि वाचलं. किशोरने लिहिलं होतं: 'मामा, आत्ता सुटलो. दोन्ही कोड नवीन मागवलेत. वरचा तुमचा, खालचा दादांचा. दादा फोन उचलत नाहीत, सायलेंटवर असणार. आई म्हणाली तुमच्याकडेच आलेत. त्यांना देऊन टाका. दहा मिनिटंच चालतात.'

दादा म्हणजे समोर बसून पोह्यांतले शेंगदाणे वेचणारे सहादू गांगुर्डे.

याचा अर्थ त्यांनाही कोड लागत होता. म्हणजे त्यांचंही काही उरकलेलं नव्हतं. पण हे हिरामणरावांच्या डोक्यात शिरायला जो वेळ लागायला हवा होता तो त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे चार गुण होते, सरिताबाई होत्या आणि खिशातून डोकावणारा तो मोबाईल होता.

"किशोरचा होता का?" गांगुर्ड्यांनी विचारलं.

"छे, कंपनीचा. रिचार्ज संपत आलंय म्हणे," हिरामणराव म्हणाले, आणि सहज वाटावं म्हणून चष्मा काढून टीपॉयवर ठेवला. नोकरीत त्यांनी खिळ्याचाही खोटा हिशेब लिहिला नव्हता. "मी आलोच हं. जरा आत जाऊन येतो."

संडासाचं दार लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चष्मा बाहेर राहिला. परत जाऊन चष्मा आणणं शक्य नव्हतं; संडासात चष्मा कशाला लागतो याचं व्याह्यांना पटेलसं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. त्यांनी मोबाईल हातभर लांब धरला. आकडे एकमेकांत मिसळले. तिसरा आकडा तीन होता, की आठ? त्यांनी आठ दाबला. कोड चुकीचा आहे, दोन प्रयत्न शिल्लक.

तेवढ्यात वरून, डक्टमधून, समाधानचा आवाज आला. "काका, झाला का फेरेरा?"

"हळू बोल," हिरामणराव कुजबुजले.

"काय म्हणालात? ऐकू येत नाही. प्रिचर्डला मात्र काढू नका बरं का."

चारही मजल्यांना हे ऐकू गेलं. त्या गडबडीत हिरामणरावांनी जो कोड दाबला तो बहुधा खालचा होता, म्हणजे व्याह्यांचा. एक प्रयत्न शिल्लक. आता त्यांनी श्वास रोखला, मोबाईल खिडकीच्या उजेडात धरला, एक डोळा मिटला आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबला. मोबाईलने त्यांना अतिशय अदबीने कळवलं, की कोडची दहा मिनिटं संपली आहेत आणि सुरक्षेच्या कारणास्तव आपण पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा. वर घड्याळ होतं, ते मात्र ठळक दिसत होतं. चार एकवीस. म्हणजे चार छत्तीस.

हिरामणराव पाच मिनिटं तिथेच उभे राहिले. नंतर जनाची म्हणून साखळी ओढली आणि बाहेर आले.

बाहेर दुसरा चहा आला होता. दोघांनी तो प्यायला. गांगुर्ड्यांनी पुन्हा मोबाईल अर्धा काढला, सरिताबाई बशा उचलायला आल्या तसा परत ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा साडेचारवर आला आणि पुढे गेला. हिरामणरावांना आपल्याच घरात आपल्याला कोणीतरी लुटून गेल्यासारखं वाटलं.

चार वाजून बत्तीस मिनिटांनी सरिताबाई खाली दूध आणायला गेल्या. दार लागलं आणि गांगुर्डे एकदम पुढे सरकून बसले.

"व्याही, एक काम होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मघाधरनं बोलू बोलू म्हणतोय. हे सकाळपासनं उघडतच नाय. कोड मागतंय. पोरगा ड्युटीवर. म्हटलं तुम्ही हापिसातले माणूस, तुमच्याकडनं करून घ्यावं. मला काय जास्त नाय, त्या ओबासीचं कॅप्टनपद काढून मोरेटीला द्यायचं होतं. पण विहीणबाई समोर. मुलाच्या बापाने येऊन सांगायचं, मला मोबाईल येत नाय, बरं नाय ना दिसत. वाटलं त्या आत गेल्या की विचारू, तर तुम्हीच आत जाऊन बसलात. पोटबीट बिघडलंय का?"

"साडेचार वाजून गेले," हिरामणराव कसेबसे म्हणाले.

"गेले का? जाऊ द्या मग. खेळच हाय." गांगुर्ड्यांनी मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात टाकला आणि हेल्मेट उचललं. "द्राक्षं आजच खा. उद्या मऊ पडतील."

त्या दिवशी हिरामणरावांनी द्राक्षं खाल्ली नाहीत.

रविवारी जे घडलं ते कोणत्याही तुलनात्मक तक्त्यात बसण्यासारखं नव्हतं. ओबासी मैदानावर आलाच नाही. हिरामणरावांच्या संघातला एक गडी कमी पडला, तेव्हा खेळाच्या नियमाप्रमाणे बाकावरचा पहिला माणूस आपोआप आत आला. तो होता प्रिचर्ड. महिनाभर न उठलेला हा माणूस त्याच दिवशी त्याच्या साहेबांना आठवला, त्याने डोक्याने एक गोल केला आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. पंधरा गुण. फेरेराने मात्र विसाव्या मिनिटाला पंचांच्या अंगावर धावून जाऊन लाल कार्ड घेतलं. हिरामणरावांनी फाईल उघडून वर्तणुकीचा रकाना पाहिला आणि हळूच बंद केली.

पगारे तीन गुणांनी पुढे निघाले. सरिताबाईंनी समाधानला पेढे आणायला पिटाळलं. केक किती किलोचा, वंदनेला भंतेजींना कधी सांगायचं, याची यादीही त्यांनी सुरू केली. हिरामणराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ओबासीच्या जागी मोरेटी कॅप्टन असता, तर व्याह्यांना तेरा गुण आणखी मिळाले असते आणि ते दहाने जिंकले असते. हे गणित त्यांनी चार वेळा करून पाहिलं होतं.

"अहो, मी खोटं बोललो," ते म्हणाले, आणि मग सगळंच सांगितलं.

सरिताबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्यांचा कोड तुमच्या हातात होता, ते समोर बसले होते, आणि तुम्ही रिचार्ज म्हणालात?"

"हो."

"आणि मी त्यांना दुसरा चहा पाजत बसले." त्यांनी यादीचा कागद चुरगळला. मग म्हणाल्या, "असला वाढदिवस नको मला. घशाखाली उतरणार नाही. आणि मला केक कुठे हवाय? मला पोर हवंय."

त्यांनी विहीणबाईंना, सुलाबाईंना, फोन लावला. वाढदिवस तुमच्याकडेच करा, आमचं काही म्हणणं नाही, फक्त नंतर आठ दिवस राखी आणि आयुष इकडे येऊ द्या, असं त्या म्हणाल्या. आणि या वेळी खरोखरच त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पलीकडून सुलाबाई म्हणाल्या, "आठ का, पंधरा दिवस ठेवा बाई. रांगायला लागल्यापासनं त्याच्या मागं धावून माझे गुडघे गेलेत." तीन महिने पेटलेली लढाई चार मिनिटांत संपली. हे आधीच का नाही केलं, असं हिरामणरावांनी विचारलं, तेव्हा सरिताबाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन न केलेलं बरं.

वाढदिवस शनिवारी आला. ओझरला गांगुर्ड्यांच्या अंगणात मांडव होता. चारला वंदना झाली आणि सव्वाचारला हिरामणरावांनी व्याह्यांना खुणेने गच्चीवर बोलावलं. तीन आठवडे त्यांना एकच गोष्ट टोचत होती. पाण्याच्या टाकीमागे उभं राहून त्यांनी कोड, रिचार्ज, संडास, सगळं कबूल केलं.

गांगुर्डे टाकीला टेकून ऐकत होते. "मला दिसलं होतं," ते म्हणाले. "मोबाईल वाजला तेव्हा वर किशोरचं नाव आलं होतं ना. माझी नजर लय चांगली हाय. विमानाचे स्क्रू बघण्यात जन्म गेला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही रिचार्ज म्हणालात. व्याह्याला खोटं कसं पाडायचं?"

हिरामणरावांना भरून आलं. त्यांनी व्याह्यांचा हात धरला, आणि तो सोडवून घेत गांगुर्ड्यांनी पिशवीतून मोबाईल काढला.

"ते राहू द्या. आधी हे बघा. मोरेटी लंगडतोय म्हणे. तुम्ही आकडे दाबा, मी वाचतो. घाई करा, सात मिनिटं उरलीत."

हिरामणरावांनी चष्मा लावला. पण घाई करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी खिशातून कागद काढला आणि तीन उमेदवारांची नावं लिहायला घेतली. खालून कोणीतरी दोघांच्या नावाने हाका मारत होतं. दोघांनीही आलोच, असं सांगितलं.

त्या वाढदिवसाचा फोटो किशोरने दोन सारख्या आकाराच्या चौकटींत बसवून दोन्ही घरी दिला. एकीकडची चौकट दोन इंच मोठी झाली असती तर पुन्हा राखीचा फोन वाजायला लागला असता. फोटोत आयुष आहे, केक आहे, राखी, किशोर, दोन्ही आज्या आहेत, बिनबोलावता आलेला समाधानही पुढच्या रांगेत आहे. नवीन माणूस आला की विचारतो, यात आजोबा कुठे आहेत? फोटोत मागच्या भिंतीवर एक घड्याळ आलं आहे, सरिताबाई त्याच्याकडे बोट दाखवतात. त्यात साडेचारला दोन मिनिटं कमी आहेत.